पेंटबॉलचे नियम: मुखवटा, वेग आणि सचोटी

पेंटबॉल हा दोन संघांमध्ये खेळला जाणारा मैदानी खेळ असून, दाबाखालील वायूवर चालणाऱ्या मार्कर नावाच्या उपकरणातून जिलेटिनच्या पातळ कवचात भरलेल्या रंगाची गोळी प्रतिस्पर्ध्यावर झाडणे आणि ती ज्याच्या अंगावर फुटेल त्याला बाद ठरवणे, हे त्याचे मूळ सूत्र आहे. बहुतेक प्रकारांत प्रतिस्पर्ध्याचा झेंडा हस्तगत करणे किंवा त्याचे सर्व खेळाडू बाद करणे यावर निकाल ठरतो. माणसावर नेम धरणे हाच खेळाचा गाभा असल्यामुळे त्याची नियमावली वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. इतर अनेक खेळांत सुरक्षेचे नियम आणि न्याय्य खेळाचे नियम वेगवेगळे काढता येतात. पेंटबॉलमध्ये मात्र लबाडीचा मार्ग बहुधा दुखापतीकडेच जातो, आणि म्हणून येथे सचोटी हाही सुरक्षेचाच एक भाग मानला पाहिजे.

या खेळाचा उगम अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यात झाला. झाडे व गुरे यांवर दुरून खूण करता यावी म्हणून नेल्सन पेंट कंपनीने बाजारात आणलेले ‘नेल-स्पॉट ००७’ हे मार्कर हाती घेऊन २७ जून १९८१ रोजी हेनिकर येथील जंगलात बारा जणांनी पहिला खेळ खेळला. चार्ल्स गेन्स, हेज नोएल आणि बॉब गर्न्सी हे त्याचे कर्ते होते. त्या दिवशी विजयी ठरलेला रिची व्हाइट हा जंगलकामात मुरलेला माणूस एकही गोळी न झाडता सर्व झेंडे घेऊन बाहेर पडला, ही गोष्ट पेंटबॉलच्या इतिहासात आवर्जून नोंदवली जाते. आणि ती नोंदवण्याजोगीही आहे, कारण गोळ्यांच्या वर्षावापेक्षा दबा धरणे, वाट हेरणे आणि संयम राखणे यांत या खेळाचे खरे कौशल्य असल्याचे तिने पहिल्याच दिवशी दाखवून दिले. त्या काळातील गोळ्यांमधला रंग तेलाचा होता आणि तो काढायला टर्पेंटाइन लागे. पुढे खेळासाठी पाण्याने धुतला जाणारा रंग तयार झाला.

आज सर्वत्र वापरली जाणारी गोळी ०.६८ इंच, म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर व्यासाची असून तिचे वजन जेमतेम ३ ग्रॅम भरते. ती सेकंदाला ३०० फुटांपेक्षा अधिक वेगाने झाडली जाऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे आणि अनेक मैदाने ही मर्यादा २८० फुटांवर ठेवतात. सेकंदाला ३०० फूट म्हणजे ताशी सुमारे ३३० किलोमीटर. एवढ्या वेगाने येणारी गोळी कपड्यांवरून पाठीवर किंवा मांडीवर लागली, तर लालसर वळ उमटतो आणि तो काही दिवसांत नाहीसा होतो. डोळ्यावर लागली, तर कायमचे अंधत्व येऊ शकते. या तफावतीचे कारण शरीररचनेत आहे. डोळ्याभोवतीची हाडांची खोबण मोठ्या चेंडूला काही अंशी अडवते. परंतु पेंटबॉलची गोळी त्या खोबणीच्या तोंडापेक्षा लहान असल्याने ती थेट आत शिरते आणि तिची जवळजवळ सारी ऊर्जा सुमारे २४ मिलिमीटर व्यासाच्या नेत्रगोलावर एका क्षणात आदळते. पारपटल आणि परितारिका यांच्यामधील पोकळीत रक्त साचणे, दृष्टिपटल सुटणे, भिंग जागेवरून सरकणे, प्रसंगी नेत्रगोलच फुटणे, अशा इजा त्यातून होतात. आणि वरवर बऱ्या झालेल्या डोळ्यातही पुढे काचबिंदू किंवा मोतीबिंदू उद्भवू शकतो, म्हणून असा मार बसलेल्याने दुखणे थांबले तरी नेत्रतज्ज्ञांकडे जाणे टाळू नये.

मैदानावर मुखवटा कोणत्याही कारणासाठी उतरवायचा नाही, हा नियम म्हणूनच सर्व नियमांच्या वर ठेवला जातो. साधा चष्मा, उन्हाचा गॉगल किंवा कारखान्यात वापरला जाणारा संरक्षक चष्मा या कामी चालत नाही. डोळे, कान आणि तोंड झाकणारा, पॉलिकार्बोनेटची काच असलेला आणि खास पेंटबॉलसाठी तपासलेला मुखवटाच लागतो. अमेरिकेतील एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेचे एफ १७७६ हे मानक नेमके यासाठीच आहे. नेत्रतज्ज्ञांच्या नोंदींतून वारंवार पुढे आलेली बाब अशी, की गंभीर इजा झालेल्यांपैकी बहुतेकांनी त्या क्षणी मुखवटा घातलेला नव्हता किंवा तो नुकताच वर सरकवला होता. तो वर का सरकवला जातो, याचा विचार नियम करणाऱ्यांनी आणि मैदान चालवणाऱ्यांनी अधिक गांभीर्याने केला पाहिजे. धावून तापलेल्या चेहऱ्याच्या वाफेने काच धुरकट होते, समोरचे दिसेनासे होते आणि खेळाडूचा हात आपोआप मुखवट्याकडे जातो. अशा वेळी केवळ दटावणीने काम भागत नाही. दोन थरांची, वाफ न धरणारी काच भाड्याच्या मुखवट्यांतही असावी लागते, पट्टा डोक्याच्या मापाने बसवून द्यावा लागतो, आणि ज्याला दिसत नाही त्याने पंचाला हाक मारून मुखवट्यासकट मैदानाबाहेर जाण्याची मोकळीक असावी लागते. तरीही एखाद्याचा मुखवटा निसटलाच, तर त्याने तत्काळ जमिनीवर पालथे पडून चेहरा हातांनी झाकायचा असतो, आणि ते पाहणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कोणत्याही संघाचा असो, ओरडून खेळ थांबवायचा असतो.

वेगाची मर्यादा कागदावर लिहून पाळली जात नाही. ती मोजावी लागते. नळीतून बाहेर पडणाऱ्या गोळीचा वेग दाखवणाऱ्या उपकरणाला क्रोनोग्राफ म्हणतात आणि प्रत्येक मार्कर खेळापूर्वी त्यावर तपासला जातो. गोळीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने वेग १० टक्क्यांनी वाढला, तर आघात २१ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे मर्यादेबाहेरचा थोडासा वेगही थोडासा नसतो. शिवाय सकाळी एकदा केलेली तपासणी दिवसभर पुरत नाही. पुष्कळ मार्कर कार्बन डायऑक्साइडवर चालतात. बाटलीत हा वायू द्रवरूपात असतो, त्याचा दाब २० अंश सेल्सिअसला वातावरणाच्या सुमारे ५७ पट असतो आणि तापमानाबरोबर तो झपाट्याने चढतो. ३१ अंशांच्या वर तर तो द्रवरूपात टिकतच नाही. आपल्याकडील एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी हे तापमान कितीतरी मागे पडते, हे लक्षात घेतले तर गार वेळी बरोबर लावलेला मार्कर भर उन्हात मर्यादा का ओलांडू शकतो, हे उमगते. उच्च दाबाची साधी हवा आणि दाब स्थिर राखणारा नियंत्रक वापरणारी मार्कर या बाबतीत अधिक भरवशाची असतात. तरी दोन्ही प्रकारांत दुपारच्या विश्रांतीनंतर फेरतपासणी व्हायलाच हवी. बाटलीवरील व्हॉल्व्ह सैल होऊन ती अग्निबाणासारखी सुटल्याने अमेरिकेत मृत्यूही घडले आहेत, म्हणून बाटली काढताना व्हॉल्व्ह बाटलीपासून फिरत नाही ना, हे पाहावे आणि दुरुस्ती जाणकारावरच सोपवावी.

मैदानाबाहेर पडताना क्रम ठरलेला आहे: नळीच्या तोंडावर कापडी आवरण चढवायचे, जाळीने वेगळ्या केलेल्या विश्रांतीच्या जागेत यायचे आणि मगच मुखवटा काढायचा.

आता सचोटीकडे वळता येते. गोळी अंगावर किंवा साहित्यावर फुटली आणि साधारण अमेरिकी पाव डॉलरच्या नाण्याएवढा, म्हणजे सुमारे २४ मिलिमीटरचा अखंड डाग उमटला, तर खेळाडू बाद होतो, असा स्पर्धांमधील रूढ संकेत आहे. न फुटता उसळलेली गोळी किंवा शेजारच्या अडथळ्यावरून उडालेले शिंतोडे धरले जात नाहीत. बाद झालेल्याने स्वतःच तसे जाहीर करून, मार्कर डोक्यावर धरून, कोणालाही काही न सांगता बाहेर जायचे असते. पाठीवर लागलेली गोळी प्रत्येक वेळी जाणवत नाही, त्यामुळे शंका आल्यास पंचाकडून तपासणी मागता येते. डाग लागूनही खेळत राहणे हा गुन्हा आहे आणि डाग पुसणे हा त्याहून मोठा. पुसणाऱ्याबरोबर त्याच्या संघातील आणखी तीन खेळाडूंना बाहेर काढण्याची शिक्षा अनेक स्पर्धांच्या नियमांत आहे. ही शिक्षा कठोर वाटली तरी योग्य आहे. ज्या मैदानावर खेळाडू डाग लपवतात, तेथे समोरचा खेळाडू एका गोळीवर थांबत नाही. खात्री व्हावी म्हणून तो पाच-सहा गोळ्या झाडतो, अधिक जवळ येऊन झाडतो, आणि ज्याने काहीच लबाडी केलेली नाही अशा नवख्याच्या मानेवर व हातांवर त्याचे वळ उमटतात. पुसलेल्या एका डागाची किंमत अशी भलत्यानेच मोजलेली असते.

याच कारणाने बहुतेक मैदानांवर तीन ते पाच मीटरांच्या आत आलेल्या प्रतिस्पर्ध्यावर गोळी न झाडता त्याला शरण येण्यास सांगण्याची प्रथा आहे, आणि आडोशाआडून न पाहता नुसती नळी बाहेर काढून गोळ्या झाडण्यास सक्त मनाई आहे. इलेक्ट्रॉनिक मार्कर आल्यानंतर एक नवा प्रश्न उभा राहिला. घोडा काही वेळा दाबताच गोळ्या झाडण्याचा दर आपोआप वाढवणारी रचना त्यांच्या सर्किट बोर्डमध्ये बसवता येते आणि ती पंचांपासून लपवताही येते. म्हणून स्पर्धांनी दर सेकंदाच्या गोळ्यांवर मर्यादा घातली. अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांत ती एके काळी १५ होती आणि नंतर उतरत १० च्या जवळ आली.

लोणावळ्याच्या परिसरात किंवा गोव्यात पेंटबॉल खेळणारे बहुतेक जण स्पर्धक नसतात. ते कार्यालयातील सहकारी, महाविद्यालयीन मित्र किंवा सहलीला आलेली कुटुंबे असतात आणि त्यांचे साहित्य भाड्याचे असते. म्हणून येथे सगळा भार मैदान चालवणाऱ्यावर आणि त्याच्या पंचांवर येतो. लहान मुलांसाठी ०.५० इंचाच्या हलक्या गोळ्यांचे साहित्य उपलब्ध असते आणि मोठ्यांच्या खेळात त्यांना मिसळू नये. खेळ सुरू होण्यापूर्वी नियम समजतील अशा भाषेत सांगितले जातात की नाही, मार्कर समोर क्रोनोग्राफवर तपासले जातात की नाही, जाळी फाटलेली नाही ना आणि मुखवट्याच्या काचेला तडा नाही ना, हे पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. आणि यांपैकी एकाही बाबतीत समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर भरलेले पैसे सोडून परत फिरण्याचा हक्क प्रत्येक गटाने बजावावा.