टीव्हीच्या आवाजाला घाबरणारं मूल

मालिकेतल्या भुताकडे टक लावून बघणारं मूल बातम्यांची सुरुवातीची धून लागली की कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत पळतं. असं पुष्कळ घरांत घडतं. 'त्यात घाबरण्यासारखं काय आहे?' असं आपण विचारतो, आणि मुलाला सांगता येत नाही. ही भीती कोणत्या क्रमाने तयार होते ते कळलं, तर तिच्यावर काय करायचं तेही कळतं.

सुरुवात कानापासून होते. अचानक मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात, खांदे वर जातात, छाती धडधडते. हे दचकणं जन्मापासून असतं. भांडं पडलं की तान्हं बाळ हात पसरून रडतं ते त्यामुळेच. हा हुकूम मेंदूस्तंभातून सुटतो. मेंदूस्तंभ म्हणजे मेंदूला पाठीच्या मज्जारज्जूशी जोडणारा भाग. पापण्या मिटायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. 'हा तर टीव्ही आहे' हा विचार त्याच्या मागून येतो. म्हणून दचकल्याबद्दल मुलाला रागावू नये, ते त्याच्या हातात नव्हतं.

शांत संवाद चालू असताना एकदम जाहिरात लागते, ही दचकण्याची हमखास जागा. जाहिरातीत हलके आवाजही चढवून मोठ्या आवाजांच्या जवळ आणलेले असतात. ध्वनिमुद्रणवाले त्याला कम्प्रेशन म्हणतात. आपण आवाजाचा आकडा बदललेला नसतो, तरी जाहिरात अंगावर येते.

दचकणं क्षणात ओसरतं. ते टिकतं कधी? आवाज कुणाचा ते कळत नाही तेव्हा. कुत्रा भुंकला, मुलाने वळून बघितलं, कुत्रा दिसला, विषय संपला. पण यंत्रावर तयार केलेल्या घुमणाऱ्या सुराला तोंड नसतं, हात नसतात. प्रक्षेपण नसताना रंगीत पट्ट्यांच्या चित्राबरोबर जो एकसुरी 'टूं' आवाज येत असे, तो आठवून बघा. असा न बदलणारा शुद्ध सूर बंद खोलीत भिंतींवर आपटून सगळीकडून येतो, आणि तो नेमका कुठून येतोय हे दोन कानांना ठरवता येत नाही. मोठ्यांनाही त्याचा त्रास होतो. लहान मुलाला तर तो खोलीतच कुठेतरी आहे असं वाटतं.

त्यात चित्राची भर पडते. दूरदर्शनचं बोधचिन्ह घ्या. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत देवाशीष भट्टाचार्य यांनी ते रेखाटलं. पंडित रविशंकर यांनी उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्यासोबत त्याची धून बांधली. 1976 पासून ते पडद्यावर दिसू लागलं. दोन वक्र आकार गरगरत येतात, एका गोळ्याभोवती बसतात आणि डोळ्यासारखी आकृती तयार होते. आज अनेकांना ती धून ऐकून भरून येतं. पण त्याच पिढीतले कितीतरी जण सांगतात, की लहानपणी ती लागली की आम्ही आईच्या पदराआड जायचो. मला या दोन्ही आठवणी तितक्याच खऱ्या वाटतात. काळ्या पडद्यावर काहीतरी फिरतंय, जवळ येतंय, त्याला चेहरा नाही, आणि सोबत लांबवलेले, घुमणारे सूर. चार वर्षांच्या मुलाला यात देशाची दूरचित्रवाणी दिसत नाही.

आकार बदलणं लहान मुलांना विशेष झोंबतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जोआन कँटर यांनी टीव्ही आणि मुलांची भीती यांवर अनेक वर्षं संशोधन केलं. 'द इन्क्रेडिबल हल्क' ही मालिका अजून शाळेत जायला न लागलेल्या मुलांना फार भिववते, असं त्यांना आढळलं. हल्क हा चांगल्या बाजूचा नायक, पण भल्या माणसाचं हिरव्या राक्षसात रूपांतर होताना बघून मुलं घाबरत. साधारण सात वर्षांपर्यंत मूल दिसण्यावरून ठरवतं. जे भयंकर दिसतं ते भयंकर. पुढे ते 'असं खरंच होऊ शकतं का?' हे विचारू लागतं.

मग भीतीला खूण मिळते. 1920 साली मानसशास्त्राचे अभ्यासक जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या मुलासमोर पांढरा उंदीर ठेवून मागे पोलादी दांड्यावर हातोडा मारला. काही वेळा असं केल्यावर मूल नुसत्या उंदरालाही रडू लागलं, पुढे सशालाही. असा क्रूर प्रयोग आज कुणी करू देणार नाही. पण त्यातून कळलेली गोष्ट आपल्या दिवाणखान्यात रोज घडते. भीतीच्या दृश्याआधी जी धून वाजते, तीच भीती होऊन बसते. मग टीव्ही शेजारच्या घरात लागलेला असला तरी मूल थबकतं.

आता आपण कुठे चुकतो ते बघू. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे 'अगं, ते खोटं असतं' असं सांगून मोकळं होणं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे पटतं. चार वर्षांच्या मुलीला त्याचा उपयोग फारसा होत नाही, कारण तिच्यासाठी दिसणं हेच असणं आहे.

दुसरी चूक जास्त दुखवणारी. मूल कशाला घाबरतं ते कळलं, की घरात कुणीतरी त्याचाच बागुलबुवा करतं. 'जेव, नाहीतर ती धून लावीन.' घास पोटात जातो खरा, पण भीतीवर घरच्या मोठ्या माणसाचं शिक्कामोर्तब होतं. हे कुणी करत असेल तर आपण त्यांना बाजूला घेऊन थांबवावंच. भीड मोडावी लागली तरी चालेल.

मुलाला धरून टीव्हीसमोर बसवणं, पाहुण्यांसमोर त्याची नक्कल करणं, हेही टाळावं.

करायचं काय? मूल घाबरलेलं असताना समजावू नये. आधी आवाज बंद करावा, जवळ घ्यावं, पाणी द्यावं. लहान वयात शब्दांपेक्षा स्पर्श आणि कृती लवकर पोचतात.

दुसऱ्या दिवशी, उजेडात, मूल हसतंखेळतं असताना रिमोट त्याच्या हातात द्यावा. आधी चित्र, पण आवाज बंद. मग आवाज अगदी हलका, आणि तो कमी-जास्त करणारं बोट त्याचं. नको म्हणालं तर तिथेच थांबावं. ते आकार त्याला कागदावर काढू द्यावेत. ती धून आपण तोंडाने गुणगुणावी, कारण मग त्या सुराला ओळखीचा चेहरा मिळतो. या क्रमात घाई केली की मूल पुन्हा मागे जातं.

एक प्रकार मात्र वेगळा आहे. 2 ऑक्टोबर 2012 पासून तंबाखूची दृश्यं असलेल्या चित्रपट-मालिकांबरोबर तंबाखूविरोधी इशारे दाखवणं बंधनकारक आहे. त्यातले चेहरे आणि तो गंभीर आवाज लहानांना भेदरवतो. नऊ वर्षांच्या मुलाची भीती निराळी असते: बाबा गुटखा खातात, मग त्यांचंही असंच होईल का? इथे 'खोटं आहे' म्हणू नये, कारण ते खोटं नाही. खरं उत्तर द्यावं, आणि ते बाबांनी द्यावं.

बहुतेक मुलांची ही भीती काही दिवसांत ओसरते. आठवडे उलटूनही झोप उडालेली असेल, मूल संडासालाही एकटं जात नसेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारावं. त्या धुनीची चित्रफीत फोनमध्ये घेऊन जावी, वर्णन करण्यापेक्षा ते सोपं पडतं.

आणि लखलखत्या चित्रांनी मूल निपचित पडलं, डोळे फिरवले किंवा हातपाय झटकू लागलं, तर ती भीती नव्हे. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल-निळा प्रकाश भराभर लुकलुकला आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. काहींना प्रकाशाने येणारे झटके आले होते. असं झालं तर टीव्ही बंद करून मुलाला कुशीवर वळवावं, तोंडात काहीही घालू नये आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावं.