कोंडी सुटल्यावर
रस्ता आणि गाव : लेखांक ६

गेल्या लेखांकात माणगावच्या कोंडीचं गणित मांडलं होतं. चौपदरी मुंबई-गोवा महामार्ग बाजारपेठेत शिरताना दोन पदरांवर येतो. तिथेच निजामपूरकडून ताम्हिणी उतरून आलेल्या पुण्याच्या गाड्या मिळतात, मोर्बा रस्त्यावरून श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या. त्यात एसटी, मिनीडोर, आणि ‘दोनच मिनिटं’ म्हणून पांढऱ्या पट्टीच्या आत उभी केलेली मोटार. गणपतीत अवजड वाहनांना बंदी घालूनही चाकरमान्यांची रांग काही आखडत नाही. यावर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरतात, कारण कोंडीत अडकणारा माणूस बोलू शकतो.

पण कोंडीत सहसा कोणी मरत नाही. खोळंबलेली रुग्णवाहिका हा अपवाद, आणि तो लहान नाही. तरी ताशी पाच किलोमीटरने सरकणारी गाडी फार तर बंपर चेपते. याच रस्त्याची भीती वाटावी ती रात्री दहानंतर आणि पहाटे. दुकानांची शटर खाली, रस्ता मोकळा, आणि चार तास रखडलेला चालक गमावलेला वेळ भरून काढायच्या घाईत. त्याच वेळी कोणी दूध घालायला निघालेलं असतं, कोणी पहिल्या एसटीसाठी पलीकडे जात असतं. कोंडी ही अडचण आहे आणि वेग हा धोका. एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं. रुंदीकरण झालं की कोंडी फुटते आणि पलीकडे जाणाऱ्या म्हातारीला दोनाऐवजी चार पदर ओलांडावे लागतात.

वेगाचा हिशेब आपण डोळ्यांनी करतो, आणि डोळे फसवतात. ताशी ३० किलोमीटरने चाललेली मोटार सेकंदाला सव्वाआठ मीटर जाते. चालक सावध आहे, पाय ब्रेकवर पडायला त्याला एक सेकंद लागला, रस्ता कोरडा आहे असं धरू. ब्रेक लागल्यावर आणखी पाचेक मीटर. म्हणजे साडेतेरा मीटरच्या आत गाडी थांबते. आता हीच गाडी ५० ने येतेय. त्या एका सेकंदातच ती चौदा मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक अजून लागायचाय. चौदा मीटरवर एखादं पोर धावत रस्त्यात आलं, तर पहिली गाडी त्याच्या पुढ्यात थांबते आणि दुसरी जवळजवळ पूर्ण वेगाने त्याला धडकते. पन्नासचा वेग आपल्याकडे कोणाला भरधाव वाटत नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत निम्म्याहून जास्त दुचाकीवरची आणि पायी चालणारी होती.

मग गावकरी काय करतात? एखादा मृत्यू झाला की रास्ता रोको होतो, अधिकारी येतात, आणि रात्रीत गतिरोधक उभा राहतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. त्यावरून ताशी २५ ने गेलं तर गाडीला हिसका बसत नाही. आपल्याकडचा असतो हातभर रुंद डांबराचा उंचवटा. रंग पहिल्या पावसात जातो, फलक कधी लागलेलाच नसतो, आणि रात्री दुचाकीवर मागे बसलेली बाई उसळून पडते. शिवाय राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक नकोत हे केंद्रीय रस्ते मंत्रालयाचं धोरण. त्यामुळे नव्या डांबरीकरणात तो उखडला जातो आणि पुढच्या मृत्यूपर्यंत रस्ता पुन्हा सपाट. शासकीय व्याख्येतला ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायलाही ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर वा प्राणघातक अपघात, नाहीतर दहा मृत्यू व्हावे लागतात. आधी हजेरी, मग उपचार.

खरी मेख अशी की चालक फलक वाचून नव्हे, रस्ता पाहून वेग ठरवतो. साडेतीन मीटरचा पदर, रुंद साईडपट्टी आणि सरळ नजर दिली की ‘वाहने सावकाश हाका’ हा निव्वळ शिष्टाचार उरतो. डेन्मार्कच्या रस्ते खात्याने १९८०च्या दशकात विंडरुप आणि आणखी दोन लहान गावांत हेच उलटं करून पाहिलं. महामार्ग गावातूनच ठेवला, पण वेशीवर रस्ता आवळला, झाडं लावली, मधे थोडा तिरपा वळवला, ओलांडायच्या जागा ठळक केल्या. आपण आता गावात शिरलो हे चालकाला न वाचता कळलं, आणि वेग उतरला.

आपल्याकडे वेस तर जुनीच. गावाच्या पहिल्या घराआधी रम्बलर पट्ट्या, आत आल्यावर पदर तीन मीटरचा, ओलांडायची जागा पदपथाच्या उंचीला उचललेली, मधे उभं राहण्यापुरता दुभाजक म्हणजे एका वेळी एकाच दिशेकडे पाहायचं. एसटीचा थांबा झेब्राच्या पुढे, म्हणजे उतरलेली माणसं बसच्या मागून ओलांडतील आणि येणाऱ्या चालकाला दिसतील. यात उड्डाणपुलाइतका पैसा नाही. म्हणूनच, अशी शंका येते, यात फारसा कोणाला रस नाही.

आणि बायपास? माणगाव-इंदापूरचे बायपास वर्षानुवर्षं रखडले. ते व्हायलाच हवेत. पण बायपास झाला की जुना रस्ता सुरक्षित होतो, हा भ्रम आहे. ट्रक बाहेरून जातील, बाजारातला रस्ता मोकळा होईल, आणि पहाटे पाचला असणारा तो धोका दिवसभर हजर राहील. मंत्रालयाच्या धोरणात अशा सोडून दिलेल्या तुकड्याची राज्याकडे देताना एकदाच सुधारणा करून देण्याची सोय आहे. त्या पैशातून बहुतेक ठिकाणी होतं काय, तर डांबराचा एक नवा गुळगुळीत थर. नगरपंचायतीच्या हाती मग महामार्गाच्या मापाचा रस्ता येतो, आणि तो बदलायला तिच्या तिजोरीत काही नसतं. उचललेले क्रॉसिंग, पदपथ, आवळलेले पदर यांची जागा त्या एकदाच्या अंदाजपत्रकातच आहे. हस्तांतर झालं की संधी गेली. ते अंदाजपत्रक कोण तयार करतं आणि ग्रामस्थांनी त्यात कोणत्या टप्प्यावर हरकत घ्यायची, हे पुढच्या लेखांकात.