महाविद्यालयातील गणित : आकडेमोडीकडून सिद्धतेकडे

बारावीचा निकाल लागला की धर्मग्रामातील अनेक कुटुंबांत एकच चर्चा सुरू होते. गणितात उत्तम गुण मिळविणाऱ्याने अभियांत्रिकीकडे जावे, हे जवळजवळ ठरलेलेच असते. एखादी मुलगी बी.एस्सी.ला गणित घेते म्हणाली, तर वडीलधारी मंडळी विचारतात, 'मग पुढे काय, शिकवण्या घेणार?' (शिकविणे हे कमी प्रतीचे काम आहे असे आपण केव्हापासून मानू लागलो, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) तिने हट्टाने प्रवेश घेतला आणि पहिल्याच वर्षी गुण घसरले, की घरच्यांचे म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटते. आपल्याला गणित कधी येतच नव्हते, असा निष्कर्ष तीही काढते. हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. घडलेले एवढेच असते की विषयाचे नाव तेच राहून विषय बदललेला असतो.

शाळेत आणि बारावीपर्यंत गणित म्हणजे मुख्यतः उत्तर काढणे. सूत्र पाठ असावे, हात वेगाने चालावा. शिकवणीवर्ग याचाच सराव करून घेतात. महाविद्यालयात मात्र प्रश्न येतो तो 'सिद्ध करा' असा. उदाहरणार्थ, मूळ संख्या अनंत आहेत हे कसे कळते? कितीही मोठी यादी केली तरी यादी संपली नाही एवढेच समजेल. युक्लिडने दाखविलेला मार्ग निराळा आहे. समजा, कोणी म्हणाले की २, ३, ५, ७, ११ आणि १३ एवढ्याच मूळ संख्या आहेत. त्यांचा गुणाकार ३००३०. त्यात १ मिळविला की ३००३१. या संख्येला त्या सहांपैकी कोणत्याही संख्येने भागले तरी बाकी १ उरते. परंतु १ पेक्षा मोठ्या प्रत्येक संख्येला किमान एक मूळ विभाजक असतोच. तेव्हा तो यादीबाहेरचा असला पाहिजे. प्रत्यक्षात ३००३१ म्हणजे ५९ गुणिले ५०९. ३००३१ ही स्वतः मूळ संख्या नाही, हे येथे लक्षात घ्यावे. विद्यार्थी नेमके येथेच घसरतात. यादी कोणतीही घ्या, हाच युक्तिवाद लागू पडतो. म्हणून कोणतीही यादी पुरी होऊ शकत नाही.

यात आकडेमोड किती थोडी आहे पाहा. कस लागतो तो प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यातून निघते की नाही, हे तपासण्याचा. हे पाठांतराने येत नाही. एका पानावर दोन दिवस अडून राहावे लागते, आणि तसे अडणे हे मंदबुद्धीचे लक्षण नव्हे, हे मुलांना कोणी सांगत नाही.

ख्रिस्तसभेला हा विषय परका नाही. रोममधील येशूसंघीय महाविद्यालयात ख्रिस्तोफर क्लाव्हियस यांनी गणित शिकविले. १५८२ च्या दिनदर्शिका-सुधारणेमागील गणिताचे स्पष्टीकरण त्यांनीच केले. त्यांचे शिष्य मातेओ रिची १५७८ साली गोव्यास आले आणि पुढे चीनमध्ये श्यू ग्वांगछी यांच्यासह त्यांनी युक्लिडच्या पहिल्या सहा भागांचे चिनी भाषांतर १६०७ मध्ये प्रसिद्ध केले.

पण आपल्याला अधिक जवळचे उदाहरण मद्रासच्या लोयोला महाविद्यालयातील फादर चार्ल्स रासीन यांचे आहे. पॅरिसमध्ये एली कार्ताँ यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविलेले हे फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरू १९३७ साली भारतात आले. त्या काळी आपल्याकडील अभ्यासक्रम जुन्या केंब्रिज पद्धतीचा, कूटप्रश्न सोडविण्यावर भर देणारा होता. फादरांनी विद्यार्थ्यांपुढे फ्रान्समधील नवे गणित ठेवले. त्यांची व्याख्याने फारशी सुबोध नसत म्हणे. तथापि खरे गणित कोठे आहे याची दिशा त्यांच्याकडून मिळे. सी. एस. शेषाद्री आणि एम. एस. नरसिंहन हे त्यांचे विद्यार्थी. दोघेही १९५३ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले, आणि १९६५ साली त्यांनी मांडलेले प्रमेय आज जगभर त्यांच्या नावाने ओळखले जाते. शेषाद्री यांनी पुढे चेन्नई गणित संस्था उभारली. ज्या शिक्षकाचे वर्ग कठीण वाटत, त्यानेच ही पिढी घडविली, ही गोष्ट पहिल्या वर्षी निराश होणाऱ्यांनी आणि त्यांच्या पालकांनीही ध्यानात घ्यावी.

पदवीनंतरच्या वाटाही पालकांना वाटतात तितक्या अरुंद नाहीत. आयआयटीमधील एम.एस्सी.साठी 'जॅम' ही प्रवेशपरीक्षा असते. भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नई गणित संस्था स्वतःच्या परीक्षा घेतात, आणि त्यांत बारावीनंतरही थेट बसता येते. विमागणित, संगणकशास्त्र, सांख्यिकी ही क्षेत्रे तर गणिताच्या पदवीधराला खुलीच आहेत. बी.एस्सी. करणाऱ्यांनी १९९३ साली सुरू झालेल्या 'एमटीटीएस' या उन्हाळी प्रशिक्षणवर्गाची माहिती आपल्या प्राध्यापकांकडून अवश्य घ्यावी. तेथे उत्तरापेक्षा 'असे का?' हा प्रश्न अधिक विचारला जातो.