‘जॉज’मधले दोन सूर नेमके कधी वाजत नाहीत?

‘जॉज’चं संगीत म्हटलं की सगळ्यांना दोनच सूर आठवतात. घरी पेटी असेल तर खालच्या सप्तकात सा आणि त्याला लागून असलेला कोमल रे आलटून पालटून वाजवा. आधी सावकाश, मग वेग वाढवत. झालं! जॉन विल्यम्सने हे पहिल्यांदा पियानोवर ऐकवलं, तेव्हा दिग्दर्शक स्पीलबर्गला ती थट्टाच वाटली होती.

आता बघा, नुसत्या दोन सुरांना कोण कशाला घाबरेल? ती भीती सिनेमा आपल्याला शिकवतो.

१९७५च्या या सिनेमाचं चित्रीकरण खऱ्या समुद्रावर झालं. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा. ५५ दिवसांचं काम १५९ दिवसांवर गेलं. त्यामुळे शार्क पडद्यावर धड दिसतो तो सव्वा तास उलटल्यावर. तोवर त्याचं काम हे सूर करतात. पहिल्याच प्रसंगात पोहणारी मुलगी पाण्याखाली ओढली जाते. मासा दिसत नाही, ऐकू येतो. पुढे किनाऱ्यावरच्या लहान मुलाच्या वेळीही तेच. सूर आले की हल्ला येणार! पाव्हलॉवच्या कुत्र्याला घंटेने जे शिकवलं, तेच आपल्याला इथे शिकवलं जातं, फक्त लाळेऐवजी घाम.

मग येतो माझा आवडता प्रसंग. गर्दीच्या किनाऱ्यावर शार्कचा पर दिसतो, लोक सैरावैरा पळतात आणि संगीत? गप्प. कारण तो पर पुठ्ठ्याचा आहे, दोन पोरांचा चावटपणा. प्रयोगाच्या भाषेत सांगायचं तर हा ‘कंट्रोल’: शार्क नाही, म्हणून सूरही नाहीत. थोड्याच वेळात शेजारच्या शांत खाडीत खरा शार्क शिरतो आणि सूर परत येतात. आता आपला कान बिनधास्त विश्वास ठेवायला लागतो.

आणि तिथेच विल्यम्स आपल्याला पकडतो. बोटीवर पोलीसप्रमुख ब्रॉडी सिगारेट ओढत, कुरकुरत पाण्यात आमिष फेकतोय. कसलीही सूचना नाही, एकही सूर नाही, आणि त्याच्या पाठीमागे ते अवाढव्य डोकं वर येतं. दचकायला होतं ते शार्कच्या आकारामुळे, हे खरंच. पण त्याहून जास्त, घंटा न वाजताच तो आला म्हणून.

त्या वर्षीचं संगीताचं ऑस्कर विल्यम्सला मिळालं. पुन्हा बघाल तेव्हा पिवळ्या पिंपांचा पाठलागही नीट ऐका: संगीत एकदम खलाशांच्या साहसकथेसारखं उत्साही होतं, आणि त्याच्या तळाशी मध्येच ते दोन सूर डोकावून जातात.