दाखल-खारज : नगर जिल्ह्यातल्या गावशाळेचा इतिहास

२०२३ च्या दिवाळीच्या आसपास महाराष्ट्रभर शाळांची जुनी कपाटं उघडली गेली. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधत होती आणि अशा नोंदी सापडण्याची एक हमखास जागा म्हणजे प्राथमिक शाळेचं दाखल-खारज, म्हणजे जनरल रजिस्टर. नगर जिल्ह्यातही (अहिल्यानगर हे नाव कागदावर आलं, तोंडात अजून नगरच आहे) कसर लागलेली, पुठ्ठे सुटलेली रजिस्टरं बाहेर निघाली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. नोंद सापडली की तिची नक्कल निघायची आणि रजिस्टर पुन्हा कपाटात जायचं.

शोधणाऱ्याला हवा होता जातीचा रकाना. पण त्याच ओळीत मुलाचं नाव, जन्मठिकाण, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण आणि शेवटी शेरा, एवढं सगळं असतं. सातबारा जमीन असणाऱ्याची आठवण ठेवतो. शाळेचं रजिस्टर जमीन नसलेल्याचीही ठेवतं. गावशाळेचा इतिहास लिहायचा तर हे रकाने एकेक करून वाचायला हवेत.

रजिस्टराच्या आधी

इंग्रजी अंमलाच्या सुरुवातीला गावात शाळा म्हणजे पंतोजी. देवळाची ओवरी नाहीतर एखाद्या वाड्याची पडवी, समोर धुळपाटी, मुळाक्षरं आणि मोडीचं वळण. पाढ्यांच्या पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी अशी घोकंपट्टी. पंतोजीचा मोबदला बराचसा धान्याचा. मुलगे यायचे ते प्रामुख्याने कुलकर्णी, वाणी, सोनार अशा घरांतले, ज्यांच्या धंद्याला हिशेब लागायचा. मुली नव्हत्या, महार-मांगांची मुलं नव्हती.

डिसेंबर १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे ग्रेव्ह्ज, हर्वी आणि रीड नगरला आले. १८३९ मध्ये सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका मुंबईहून नगरला आली आणि १८६२ मध्ये मरण येईपर्यंत तिने इथे मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांचे स्नेही सदाशिव गोवंडे तेव्हा नगरला नोकरीला होते. त्यांच्यासोबत जोतीरावांनी फरारबाईंच्या शाळा पाहिल्या आणि पुण्याला परतून १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. भिडेवाड्याचा उल्लेख होतो तेव्हा नगरचा क्वचितच होतो.

मिशनच्या शाळा पुढे खेड्यांत गेल्या. नेवासे तालुक्यातलं वडाळा हे त्यांचं मोठं ठाणं. फेअरबँक कुटुंबाने तिथे दीर्घकाळ काम केलं. अनेक गावांत एकच खोली आठवडाभर शाळा असायची आणि रविवारी उपासनेची जागा. शिकवणारा मास्तर बऱ्याचदा महारवाड्यातूनच शिकून वर आलेला. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनने अनाथ मुलं सांभाळली. धर्मांतरावरून गावोगाव वाद झाले, ते होणारच होते. पण नगर जिल्ह्यात पूर्वास्पृश्यांच्या घरात अक्षर आधी पोचलं ते बऱ्याच ठिकाणी याच वाटेने.

आणा शेतकऱ्याचा

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खातं उभं राहिलं. पैसा कुठून आणायचा याचं उत्तर १८६३ मध्ये मिळालं : जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड. त्यातला वाटा शाळांना. शाळा सरकारची म्हटली तरी तिचा आणा पाथर्डीच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या कनवटीचा होता.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे फुल्यांनी नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं. पैसा रयतेचा, शिकतात वरचे, शिकवणारेही जवळजवळ सगळे ब्राह्मण. शेतकरी जातींतले शिक्षक तयार करा, मोडी-बालबोध, हिशेब आणि शेतीची मूलतत्त्वं शिकवा, मास्तरला किमान बारा रुपये पगार द्या, गावच्या टपालासारखी कामं त्याच्याकडे सोपवा म्हणजे त्याची पत वाढेल, असं त्यांचं म्हणणं. पुढे कितीतरी गावांत शाळेचा मास्तरच पोस्टमास्तर होता. पत्र यायचं शाळेत, वाचून दाखवायचाही तोच.

१९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे गेल्या, १९४७ च्या कायद्याने सक्तीच्या शिक्षणाची चौकट पक्की झाली आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्यावर ‘लोकल बोर्डाची शाळा’ ‘झेडपीची शाळा’ झाली. खोली तीच राहिली, पाटी बदलली.

जातीचा रकाना

१८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेलं. दोन वर्षांनी सरकारने जाहीर केलं की निव्वळ सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या राहतील. जाहीरनामा निघाला तरी पडवी सुटायला पुढची कित्येक दशकं गेली. मूल शाळेच्या पटावर असायचं आणि बसायचं बाहेर, पायरीशी. रजिस्टरात दाखल तारीख सापडते. वर्गात कधी घेतलं त्याची तारीख सापडत नाही, कारण तसा रकानाच नव्हता.

आज हाच रकाना हक्काचा पुरावा ठरतो. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद लागते. आजोबा एकच वर्ष शाळेत गेले असतील, पण त्या एका ओळीवर नातवाचं ॲडमिशन उभं राहतं. आणि ज्या घरातलं कोणी शाळेत गेलंच नाही, त्याची वणवण संपत नाही.

एक जून

जन्मतारखेचा रकाना पाहिला की ग्रामीण महाराष्ट्रातला प्रत्येक जण हसतो. पानामागून पान १ जून. शाळा जूनमध्ये भरायची, आई सांगायची ‘पोळ्याच्या आदल्या वर्षीचा’ किंवा ‘मोठ्या दुष्काळातला’, आणि मास्तर हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का बघून वय ठरवायचे. अक्षरी लिहिलेली ती तारीख नंतर नोकरीत निवृत्तीची तारीख ठरली. एकेका कचेरीत ३१ मेला एकदम चार-पाच जणांचे सत्कार होतात त्याचं मूळ इथे आहे.

सोडण्याचं कारण

सगळ्यात बोलका रकाना हा. ‘सतत गैरहजर’, ‘पालकांनी गाव सोडले’, ‘घरकाम’, मुलींच्या नावापुढे ‘लग्न’. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या पट्ट्यातून दिवाळी सरली की ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. शाळेचं दुसरं सत्र आणि गळीत हंगाम यांची गाठ पडते, ती मुलांच्या पाठीवर. मुलांसाठी कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, गावात हंगामी वसतिगृहं आली. तरी कोयता घेऊन निघालेल्या जोडप्याबरोबर धाकट्याला सांभाळायला मोठी बहीण जातेच.

१९७२ च्या दुष्काळात शाळेत सुकडी वाटली गेली. १९९५ मध्ये मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ द्यायची योजना आली, नंतर शिजवलेली खिचडी. पोट आणि पट यांचं नातं मास्तरांना कोणी शिकवावं लागलं नाही.

पाणी जिकडे, शाळा तिकडे

१९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस आला, लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि माणसं गावठाण सोडून मळ्यात राहायला गेली. गाव रिकामं, वस्त्या भरलेल्या. पावसाळ्यात काळ्या रानातून सहा वर्षांचं पोर गावातल्या शाळेत पोचायचं कसं? म्हणून २००० च्या सुमारास वस्तीशाळा निघाल्या. सुरुवातीला महिना हजार रुपये मानधनावर गावातलाच शिकलेला पोरगा किंवा सून निमशिक्षक म्हणून तिथे शिकवत असे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा हा निकष ठरला. आता त्याच वस्त्यांवर इंग्रजी माध्यमाची पिवळी बस येते आणि वीसच्या खाली पट गेलेल्या शाळांचं काय करायचं यावर चर्चा चालते.

इमारतींची दशा २८ ऑगस्ट २०१७ ला निंबोडीत दिसली. नगरजवळच्या या गावात पावसात शाळेची खोली कोसळून तीन मुलं गेली. त्यानंतर जिल्ह्यातल्या जुन्या, धोकादायक खोल्यांचा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी आला. रजिस्टराच्या ‘सोडण्याचं कारण’ या रकान्यात ‘मयत’ असा शब्द लिहिताना त्या शाळेतल्या शिक्षकाचा हात कसा चालला असेल!

लिहायचं कोणी?

हे रकाने शाळेतली मुलंच बोलते करू शकतात, हे आयर्लंडकडे पाहून कळतं. नगरला मिशनरी उतरले त्याच १८३१ साली तिथे मुख्य सचिव स्टॅनलेच्या पत्राने सरकारी प्राथमिक शाळांची व्यवस्था सुरू झाली. त्याआधी तिथेही गावठी मास्तर कुंपणाच्या आडोशाला शिकवत आणि पालक देतील त्यावर जगत. १९३७ ते १९३९ या काळात तिथे पाचवी-सहावीच्या मुलांना वह्या देऊन सांगितलं गेलं : घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून आणा. सुमारे पाच हजार शाळांतून गोष्टी, म्हणी, औषधं, ओसाड वाड्यांच्या आठवणी जमल्या. तो सारा संग्रह आज जपलेला आहे आणि तिथल्या कितीतरी खेड्यांतली माणसं आजीच्या हातचं पान शोधून वाचू शकतात.

आपल्याकडे शाळेची शताब्दी झाली की मंडप पडतो, माजी विद्यार्थ्यांच्या देणगीची पाटी लागते, आमदारांचं भाषण होतं. त्याऐवजी सातवीच्या मुलांनी मुख्याध्यापकांच्या देखरेखीखाली रजिस्टरातल्या पन्नास ओळी घ्याव्यात आणि त्या माणसांच्या घरी जाऊन पुढे काय झालं ते विचारावं. जातीचा रकाना झाकून ठेवला तरी चालेल. ‘सतत गैरहजर’ लिहिलेली मुलगी त्या दिवशी कुठे गेली होती, हे सांगणारी माणसं अजून गावात आहेत. कुणबी नोंदींसाठी सरकारने एका हंगामात कपाटं उघडून दाखवली. शाळेच्या इतिहासासाठी ती उघडायला ना समिती लागते, ना निधी. लागतो तो एक मुख्याध्यापक आणि शनिवारची सकाळची शाळा.