नऊ एकांचे शिखर

नऊ एकांची संख्या, १११११११११, तिनेच गुणा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. उलटसुलट सारखेच! एकांच्या नऊ ओळी पायरीपायरीने सरकतात; मधल्या रकान्यात नऊच एक जमतात, म्हणून हातचा येत नाही. दहा एक घ्या, हातचा येतो आणि शिखर ढासळते.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांना ही कल्पना डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकात सुचली. म्हणून या ‘डेम्लो संख्या’. हिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने तिला नि:शेष भाग जातो. अशा संख्येला त्यांनी नाव दिले ‘हर्षद’, हर्ष देणारी.

अनेक विद्वानांनी हा पोरखेळ मानला. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले.

बेसा असो वा नागपूर, खिशातल्या कॅल्क्युलेटरवर सतरा अंक मावत नाहीत. मुलांना वही-पेन्सिल द्या. हर्ष तिथेच आहे.