विमानाला मन कसे फुटेल?



कल्पनारम्य कथांत आकाशातून जाणारी जहाजे पुष्कळ आढळतात. त्यांतले एखादे मध्येच बोलू लागते, रुसते, धन्यावर जीव लावते. वाचकाला ते खरे वाटायला हवे असेल, तर ‘वीज पडली आणि जहाज जागे झाले’ एवढ्यावर भागत नाही. मन एका रात्रीत येत नाही, पायरीपायरीने घडते. त्या पायऱ्या आपण पाहू.

पहिली पायरी शरीराची. मोटार उभी केली की उभीच राहते. हलका वायू भरलेल्या जहाजाला मात्र क्षणोक्षणी तोल सांभाळावा लागतो. ऊन पडले की पोटातला वायू तापून फुगतो आणि जहाज वर जाऊ लागते. पावसाने ते जड होते, इंधन जळेल तसे हलके होते. १९२८ साली उडालेल्या ‘ग्राफ झेपेलिन’ या सुमारे २३७ मीटर लांबीच्या जर्मन जहाजात इंजिनांसाठी जवळजवळ हवेइतक्याच वजनाचा इंधनवायू वापरीत. तो जळून गेला तरी तोल ढळू नये, हा त्यातला हेतू. आपले शरीरही हेच करते. बाहेर वैशाख असो की पौष, आतली ऊब ३७ अंशांच्या आसपास राखते. ज्याला सतत स्वतःला सावरावे लागते, त्यालाच ‘आत’ आणि ‘बाहेर’ हा भेद पडतो. मनाचे बीज तिथे आहे.

दुसरी पायरी जाणिवेची. जैन तत्त्वज्ञानात जीवाचे लक्षण ‘उपयोग’ हे सांगितले आहे, म्हणजे जाणण्याचा आणि पाहण्याचा व्यापार. वारा आणि अग्नी यांचे जीव एकेंद्रिय, त्यांना फक्त स्पर्श. तिथून शिडी पंचेंद्रियांपर्यंत चढते, आणि त्यांतही मन असलेले संज्ञी जीव वेगळे. पुद्गल, म्हणजे जड द्रव्य, मात्र कधीच जीव होत नाही. म्हणून या परंपरेतला लेखक ‘यंत्रातून जीव उगवला’ असे लिहिणार नाही, ‘जीव त्या देहात आला’ असे लिहील. पण शिडी दोन्ही प्रकारच्या लेखकांच्या कामाची आहे. जहाजाला आधी वाऱ्याचा स्पर्श कळू द्या, मग भूक, मग भय. वाचा त्यानंतर.

ब्रिस्टलमधील मेंदूशास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ‘एल्मर’ आणि ‘एल्सी’ नावाची दोन यंत्रकासवे बनवली. प्रत्येकात व्हॉल्व्ह दोनच. कळे तेही दोनच गोष्टींचे, उजेडाचे आणि धक्क्याचे. तरी ती उजेडाकडे जात, अडथळा चुकवत आणि बॅटरी उतरली की आपल्या चार्जिंगच्या खोपटाकडे वळत. त्यांत जीव होता असे कोणी म्हणणार नाही. पण पाहणाऱ्याला स्वभाव दिसू लागायला किती थोडे पुरते, हे त्यांनी दाखवले.

तिसरी पायरी या स्वभावाची. दोन रुग्णांना ताप एकच असतो. एकाला पांघरूण हवे, दुसऱ्याला खिडकी उघडी हवी. एक घोटाघोटाने पाणी मागतो, दुसरा तोंड फिरवतो. होमिओपॅथीत आम्ही हे फरक बारकाईने लिहून घेतो, कारण रोगाच्या नावावरून माणूस कळत नाही, या फरकांवरून कळतो. लेखकाने आपल्या जहाजाचाही असा केसपेपर लिहावा. दुपारच्या उन्हात ते कसे वागते? कोणत्या डोंगरावरून जाताना अंग चोरते? कुणाच्या हाताखाली शांत असते? आठवणी साठतात तसा स्वभाव घट्ट होतो. दोन सख्ख्या भावांपैकी एक ग्वाल्हेरला आणि दुसरा बेळगावला स्थायिक झाला, तर तिसऱ्या पिढीत बोलण्याची ढब आणि जेवणातली चव दोन्ही बदलतात, हे आपल्या घरांना सांगायला नको. एकाच आराखड्यावरून बांधलेली दोन जहाजेही अशीच वेगळी होतील.

चौथी पायरी नकाराची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. वाल्मीकींच्या उत्तरकांडात पुष्पक कैलासाजवळ अडते, तेव्हा मारीच तर्क करतो की कुबेराखेरीज दुसऱ्याला वाहून न्यायचे नाही म्हणून ते थांबले असावे. म्हणजे विमानाला निष्ठा असू शकते, हे त्या काळीही सुचले होते. पुढे रामाने परत पाठवलेले पुष्पक कुबेराच्या आज्ञेने पुन्हा येते आणि स्वतः बोलते. राम त्याची पूजा करतो आणि ‘स्मरण करीन तेव्हा ये’ म्हणून मोकळे सोडतो. विमलसूरींच्या महाराष्ट्री प्राकृतातील ‘पउमचरिय’मध्ये विमान अडते, कारण खाली वाली मुनी ध्यानस्थ असतात. रावण थांबण्याचा अर्थ समजून घेत नाही, संतापून पर्वतच उचलू पाहतो आणि त्याखाली चिरडला जातो.

आता खरी घटना पाहा. ‘आर १०१’ हे ब्रिटिश जहाज ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी कराचीला निघाले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि तिथे त्याच्यासाठी प्रचंड शेड उभी होती. जहाजातील वायूच्या पिशव्यांना लाखो गुरांच्या आतड्यांच्या पापुद्र्याचे अस्तर होते. त्या पिशव्या सांगाड्याला घासून फाटतात, असा लेखी इशारा तपासणी अधिकाऱ्याने त्याच वर्षी दिला होता. पूर्ण वेगाची चाचणीही झाली नव्हती. पण हवाई खात्याच्या मंत्र्यांना ठरल्या तारखेला जाऊन परतायचे होते. मध्यरात्र उलटल्यावर फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ वादळी पावसात जहाज कोसळून पेटले. ५४ पैकी ४८ माणसे गेली.

त्या जहाजाला वाचा नव्हती. त्याच्या वतीने एक माणूस बोलला होता, आणि ते ऐकले गेले नाही. म्हणून जहाजाला मन देणाऱ्या लेखकाचे काम जहाज बोलू लागले म्हणजे संपत नाही. ज्याला भय कळते, त्याला वादळात लोटणे ही हिंसा ठरते. मग कथेतल्या कप्तानावर नवी जबाबदारी येते आणि कथेला खरा पेच मिळतो.

तुमच्या घरात एखादा नातू किंवा नात अशी कथा लिहीत असेल, तर ‘तुझे जहाज किती उंच उडते’ हे विचारू नका. ते कशाला ‘नाही’ म्हणते, आणि त्याचे ‘नाही’ ऐकणारे जहाजावर कोणी आहे का, एवढे विचारा.